सीमेवरचं शून्य

"एकशेचाळीस," निरंजन म्हणाला.

मैथिली डहाके चालत राहिली. फेरीत थांबायचं नसतं. "एकशेचाळीस काय?"

"माणसं. पुढच्या तिमाहीपासून तुझ्या हाताखाली. नागपूर, पुणे, कोइमतूर मिळून. 'रचना'नं काल नवा आराखडा काढला. मी तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा सगळ्या रेषा तुझ्याकडेच येतात."

"आत्ता बावीस आहेत. त्यातच मी…"

"त्यातच तू काय? रोज सकाळी तू किती आकड्यावर येतेस? बारा. अकरा. परवा तर नऊ. आपल्या अकरा हजार माणसांत इतकं स्वच्छ कुणी येत नाही. करतेस काय गं घरी जाऊन?"

"मटार सोलते," मैथिली म्हणाली.

निरंजन मोठ्यानं हसला. निरंजन साल्पेकर त्रिज्या सिस्टिम्सचा संघटनप्रमुख होता. तो आणि मैथिली एकाच वर्षी कंपनीत आले होते, त्यामुळे अजून अरे-तुरेवर होते. आज पाण्याच्या बाजूनं तो चालत होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

त्रिज्यात बंद दाराची खोली नव्हती. नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या आवारात खोदलेलं एक तळं होतं आणि त्याभोवती आठशे मीटरची पायवाट. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं वरिष्ठाकडे फेरी मागायची. सांगणाऱ्यानं पाण्याच्या बाजूनं चालायचं, ऐकणाऱ्यानं बाहेरच्या. सुरुवातीला ऐकणाऱ्यानं फक्त "बोल" म्हणायचं आणि पहिल्या फेरीत सल्ला द्यायचा नाही. नवीन आलेली मुलं दोन आठवडे या प्रकाराला हसत आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतः फेरी मागत.

दोन फेऱ्यांत निरंजननं तिला बढतीबरोबर बरंच काही सांगितलं. संचालकांचा दबाव, पुण्याच्या गटातली भांडणं, आपली पाठ. शेवटी त्याच्या शर्टावरचा बिल्ला पंचावन्नवरून त्रेचाळीसवर आला होता. तिनं स्वतःच्या बिल्ल्याकडे पाहिलं नाही.

"सोमवारपर्यंत सांग," तो हलक्या पावलांनी पायऱ्या चढत म्हणाला.

*

बिल्ल्यांवरून आराखडे काढायची सुरुवात मैथिलीपासूनच झाली होती.

नऊ वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा पातळ थरांमधून उष्णता कशी वाहते यावर तिचं संशोधन झालेलं होतं. कंपनीनं तेव्हा नुकतेच बिल्ले आणले होते. बिल्ला आवाजातला बारीक कंप, दोन शब्दांमधलं अंतर आणि हृदयाच्या ठोक्यांमधली अनियमितता मोजायचा. माणूस काय बोलतो ते त्याला कळत नसे, कसा बोलतो एवढंच कळे. त्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघे. त्याला भार म्हणत.

दोन माणसं पंधरा मिनिटं बोलली की एकाचा भार उतरायचा. हे कुणालाही सांगता आलं असतं. मैथिलीनं फक्त दुसऱ्याचाही आकडा पाहिला. तो तेवढाच चढलेला असे. शेकडो जोड्या तपासल्या तरी बेरीज जवळजवळ तीच राहायची. थकवा नाहीसा होत नव्हता, जागा बदलत होता. जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे तो जात होता, आणि त्याला लागू पडणारं समीकरण तिच्या ओळखीचं होतं. ती त्यावरच पीएच.डी. झाली होती.

त्यावरून 'रचना' हा प्रोग्रॅम तयार झाला. कुणी कुणाच्या हाताखाली काम करावं हे दर तिमाहीला तो ठरवू लागला. कुठल्याही एका जागी भार सत्तरच्या वर साचू नये अशा रेषा तो काढायचा. पहिल्याच वर्षी राजीनामे निम्म्यावर आले. छातीत धडधडतं म्हणून कामावरून दवाखान्यात नेलेला माणूस पुढची तीन वर्षं एकही नव्हता. मैथिलीला त्याचा आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता.

पण उष्णतेच्या समीकरणाला कडेला काय आहे ते सांगावं लागतं. लोखंडी सळईचं टोक बर्फात आहे की निखाऱ्यात, हे सांगितल्याशिवाय मधल्या भागाचं एकच एक उत्तर निघत नाही. कंपनीची कड म्हणजे मुख्य फाटक. कामाच्या जागेबाहेर कुणालाही मोजायला कायद्यानं बंदी होती, म्हणून जाताना बिल्ला फाटकाशी खाचेत ठेवावा लागे. फाटकापलीकडचं काहीच माहीत नव्हतं. एवढं दिसत होतं की माणसं संध्याकाळी जड जातात आणि सकाळी हलकी येतात.

पहिला आराखडा करायच्या दिवशी दुपारी बैठक होती आणि तो तयार हवा होता. मैथिलीनं कडेला शून्य लिहिलं. शेजारी शेरा टाकला : तात्पुरतं. मग ती बैठकीला गेली.

घर म्हणजे कधीही न वितळणारा बर्फ, असं त्या शून्याचं म्हणणं होतं. नऊ वर्षं ते तिथंच होतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी तिनं प्रयोगशाळेच्या खणातले चाचणीचे दोन बिल्ले पिशवीत टाकले. नियमानं हे चालत नव्हतं.

हेमंत मनीषनगरमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कागद तपासत होता. तो कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचा. त्यांची मुलगी बंगळुरूला होती, त्यामुळे घरात दोघंच.

"हे काय?"

"लाव ना. आठवडाभर. मोजायचंय थोडं."

"म्हणजे मी आता तुमच्या कंपनीत? मग कॅन्टीनचं कूपनही दे." त्यानं बिल्ला सदऱ्याला अडकवला. "किती मिळाले?"

"एक्केचाळीस."

"चला, पास."

तिचा आकडा चौसष्ट होता. त्यानं कागद बाजूला सारले, फ्रिजमधून मटार काढले, आणि रोजच्यासारखी ती बोलू लागली. निरंजन, एकशेचाळीस, सोमवार. पुण्यातला एक जण तिसऱ्या फेरीत रडला ते. कोइमतूरच्या सेल्वननं पुन्हा बदली मागितली ते. हेमंत शेंगा सोलत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "हं." "मग?" "असू दे गं." एकदा त्यानं विचारलं, "त्याच्या मुलीचं अ‍ॅडमिशन झालं का पण?"

साडेआठला मैथिलीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले. ती अडतीस, हेमंत सहासष्ट. बेरीज दोन्ही वेळा जवळजवळ सारखी होती. सकाळी ती बारावर उठली. हेमंत अठ्ठावन्नवर.

निरंजनकडून तिनं आणखी एक आठवडा मागून घेतला आणि रोज लिहीत राहिली. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट स्पष्ट झाली. चाळिसाच्या खाली असलेला माणूस झोपेत हलका होतो. साठाच्या वर गेलेला माणूस झोपतो, पण जवळजवळ तसाच उठतो. रोज संध्याकाळी ती झोप कामी येईल इतकी हलकी होत होती आणि हेमंत होत नव्हता. वर्गात शिकवताना त्याचा आकडा जरा उतरायचा. तरी ती घरी पोहोचायच्या वेळी तो पहिल्या दिवशी एक्केचाळीस होता आणि सातव्या दिवशी सत्तावन्न.

तिला आठवत गेलं. त्यानं बॅडमिंटनला जाणं बंद केलं होतं. "गुडघे," म्हणाला होता. दिवाळीत रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी काही ताण? "छे, काहीच नाही," हेमंत म्हणाला होता. मैथिली शेजारच्या खुर्चीत होती आणि तिनंही मान हलवली होती.

रविवारी सकाळी तिनं वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं शिक्षकाच्या सवयीनं आधी तक्त्याचे मथळे वाचले, मग आकडे.

"रकान्यांना एकक लिहिलं नाहीस," तो म्हणाला.

"हेमंत."

"घे ना तू ते पद. मला काय होतंय?"

"अठ्ठावन्न होतंय."

"मी नवरा आहे गं. बायकोचं ऐकायचं नाही तर कुणाचं?"

"माझं एकटीचं नाहीये ते. बावीस जणांचं आहे. आता एकशेचाळीस जणांचं होईल."

"ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?" त्याचा आवाज अजूनही शांत होता, पण सदऱ्यावरचा बिल्ला एकोणसत्तरवर गेला. "तुझ्या बावीसच्या बावीस माणसांची नावं मला पाठ आहेत, मैथिली. कुणाला काय खुपतं तेही. तू मला आमच्या स्टाफरूममधल्या एका माणसाचं नाव सांग."

"वानखडे सर," ती लगेच म्हणाली.

"वानखडे रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

*

सोमवारी ती फेरीला निघाली तेव्हा वहीतले आकडे भरलेला टॅबलेट तिच्या काखेत होता. या वेळी पाण्याच्या बाजूला ती होती.

"बोल," निरंजन म्हणाला.

"कडेचं शून्य चुकीचं आहे."

"कुठलं शून्य?"

तिनं सांगितलं. समीकरण, कड, नऊ वर्षांपूर्वीची दुपार. घर काही बर्फ नसतं, तिथंही माणसं असतात, आणि आपण इथं जे उतरवतो ते कुणीतरी तिथं घेतं. निरंजन लक्ष देऊन ऐकत होता. ऐकणं त्याला खरंच येत होतं, म्हणूनच तो त्या पदावर होता. तिचं बोलून झाल्यावर त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे घर मोजता येईल!"

"मी म्हणत होते की…"

"थांब, थांब. कायदा सक्तीला आड येतो, संमतीला नाही. घरच्या माणसानं स्वखुशीनं बिल्ला लावला तर? आपण त्याला काहीतरी देऊ. आरोग्य विमा, वर्षातून एक सहल. 'त्रिज्या परिवार' नाव देऊ. मग 'रचना'ला खरी कड मिळेल, मैथिली. कुणाचं घर किती पेलतं ते आधीच कळेल. आपण आजवर माणसं बघून वर नेत होतो, आता…"

"घरं बघून नेऊ."

"अगदी!" तो हसला. "लोक लग्नाआधी पत्रिका बघतात, आता बिल्ला मागतील."

तळ्याच्या पलीकडच्या वळणावर दोन मुली बोलत चालल्या होत्या. ऐकणारी सारखी मान हलवत होती. टॅबलेटमध्ये सगळं होतं : चौसष्ट, अडतीस, एक्केचाळीस, सहासष्ट. ते दाखवलं तर शून्य जाईल आणि त्याच्या जागी हेमंत येईल, एक मोजलेली संख्या म्हणून. मैथिलीनं टॅबलेट दुसऱ्या काखेत घेतला.

"तुझ्याकडे काही आकडे आहेत का?" निरंजननं विचारलं.

"नाही. नुसता विचार."

"मग विचार पुढं ने. तुझ्याइतकं हे कुणालाच जमणार नाही. आणि एकशेचाळीसचं काय?"

"नको."

आता निरंजन थांबला. फेरीत थांबलेला माणूस तिनं नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

"कारण?"

"नको आहे मला."

"अगं, फॉर्ममध्ये कारण लागतं. अकरा पर्याय आहेत."

"अकरावा कुठला?"

"इतर."

"तोच घाल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. रागावलेला नव्हता, जरा दुखावलेला होता. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मग यादीतला दुसरा. गेडाम."

दुपारी मैथिलीनं जुनी फाइल उघडली, शून्य पुसलं आणि 'माहीत नाही' लिहिलं. 'रचना'नं कळवलं, एकच उत्तर शक्य नाही, असंख्य आराखडे सारखेच योग्य आहेत. वीस मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी आधीचा आकडा परत भरला. त्याचा तिला निरोपही आला, अगदी नम्र. शेवटी आभार मानले होते.

संध्याकाळी हेमंतला सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटेल अशी तिची कल्पना होती.

"माझ्यासाठी नको म्हणालीस?" तो म्हणाला. "वा. म्हणजे आता तुझी बढती गेली तीही माझ्या डोक्यावर."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? वहीत लिही ना. हेमंतमुळे, उणे एकशेचाळीस."

मग तो जो सुरू झाला तो थांबेना. कॉलेज बंद करून तिथं कोचिंगवाल्यांना जागा देणार आहेत, तिघांना आधीच घरी बसवलं, प्राचार्य त्याला भेट देत नाहीत, वानखड्यांच्या जागी आलेल्या ढोमणे बाईंनी त्याची प्रयोगशाळेची चावी काढून घेतली. दीड वर्षाचं होतं सगळं. मैथिली कणीक मळायची थांबली. एकदा तिच्या तोंडून "असू दे रे" निघालं, तर तो म्हणाला, "नाही असू देणार." त्यावर दोघांनाही थोडं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तिनं बिल्ला लावला. चव्वेचाळीस. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," ती म्हणाली. डोकं जड होतं आणि ढोमणे हे नाव तिला पाठ झालं होतं.

*

सुरेंद्र गेडामनं बुधवारी दुपारी स्वतःहूनच फेरी मागितली. चौतीस वर्षांचा, उंच, भराभर चालणारा. चार वर्षं तो मैथिलीच्याच गटात होता, पण फेरीत कधी घराचं बोलला नव्हता.

"मॅडम, तुम्ही नाही म्हटलं म्हणून मला मिळालं म्हणतात. तुमचे आभार मानायला आलो जी."

"आभार मानू नकोस. पक्कं कधी होतंय?"

"दहा दिवस आकडे बघतील. पण माझे चांगलेच राहतात. सकाळी चौदा, पंधरा."

"घरी कोण असतं तुझ्या?"

"कोणीच नाही. एकटाच राहतो."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. ती त्याच्या बायकोविषयी बोलायचं ठरवून आली होती आणि त्याला बायकोच नव्हती. एकटा माणूस साठावर घरी जातो आणि पंधरावर येतो, तर मधलं कुठं जातं?

"संध्याकाळी काय करतोस?"

"काही नाही जी. खिचडी लावतो. आईला फोन करतो, सिंदेवाहीला. मग जेवतो."

"किती वेळ बोलता?"

"तास. कधी सव्वा तास."

"आई काय सांगते?"

सुरेंद्र हसला. "आई कुठं सांगते! मीच बोलत राहतो. ती नुसती हूं, हूं करते. कधीकधी मी म्हणतो, झोपली का वं? तर म्हणते, नाही रे, ऐकून राहिली."

मैथिलीनं त्याला सगळं सांगितलं, निरंजनला न दाखवलेलं. दोन बिल्ले, सात संध्याकाळी, बेरीज. आपल्या नवऱ्याचा आकडा ती मोठ्यानं बोलली तेव्हा तिला लाज वाटली, पण बोलली. "काय करायचं ते तू ठरव," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं आणि ते तुझ्याकडे आलं. तू नाही म्हणालास तर तिसऱ्याकडे जाईल. हे काही संपणारं नाही. पण तुला माहीत असावं."

सुरेंद्रची चाल मंदावली.

"आई आजकाल अंगणवाडीतून आली की कोणाकडं बसायला जात नाही," तो मग म्हणाला. "शेजारची काकू सांगत होती. पहिले रोज जायची. मला वाटलं, वय झालं." थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "एकशेचाळीस लोकांचं मी तिला सांगणार होतो."

त्यानं खिशातून फोन काढला. साडेबारा वाजले होते. पलीकडून घाबरलेला आवाज मैथिलीलाही ऐकू आला, "काय झालं रे? अशा वेळी कसा काय?"

"काही नाही झालं. तू बोल."

"मी काय बोलू?"

"काही पण. आज काय झालं ते सांग."

"काय होते बाप्पा. रोजचंच." मग नुसती शांतता. मागं लहान मुलांचा कालवा होता. सुरेंद्रनं तोंड उघडलं. रिकामी जागा दिसली की ती भरायची त्याची सवय होती. त्यानं ते मिटून घेतलं आणि चालत राहिला.

बरीच पावलं गेली.

"ते मोबाईलवाले," आई म्हणाली. "एकेका लेकराच्या तोंडाचा दोन-दोनदा फोटो मागतात. नाही निघाला तर त्याचा खाऊ कापतात. काल त्या सुपरवायझर बाईनं सगळ्या बायांसमोर मले म्हटलं, तुम्हाला जमत नसंल तर घरी बसा. एकवीस वर्षं झाली मले, सुरेंद्र."

"हूं," सुरेंद्र म्हणाला.

"तुले कधी सांगतलं नाही. तू थकून येतं."

"सांग."

आवाज बारीक होता आणि वाऱ्यानं तुटत होता. मैथिलीला सगळं कळत नव्हतं. सुपरवायझर, मग पाण्याची टाकी, मग कुणाच्या तरी अंत्यविधीला जायचं राहिलं ते. ती दोन पावलं मागं राहिली. पण सुरेंद्र वळणावर वळला की त्याच्या बिल्ल्यावरचा आकडा तिला दिसे. पहिल्या वळणाला तो बावीस होता. दुसऱ्या वळणाला एकतीस. जेवणाची घंटा झाली, पायवाट रिकामी झाली आणि माणसं दोघा-दोघांनी कॅन्टीनकडे निघाली. तो सांगितलेलं सगळं खाली मान घालून ऐकत होता, सल्ला देत नव्हता.

तिसरी फेरी संपली तेव्हा सुरेंद्र सत्तेचाळीसवर होता, आणि त्याची आई अजून बोलत होती.